माउसपॅड घ्यायला जाताना शिलाईची टेप सोबत न्या



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, बाई निबंध आणि गणिताचे उपक्रम सोडून हे काय घेऊन बसल्या? कॉम्प्युटरवर गेम खेळायला माउसपॅड कसं निवडायचं! वर्षभरापूर्वी मला कुणी असा लेख वाचायला दिला असता तर मीही हसून बाजूला ठेवला असता. पालकसभेत मी स्वतः कितीतरी वेळा सांगितलंय की मुलांच्या हातात गेम देऊ नका. त्यामुळे लिहिताना जरा संकोच वाटतोय. पण झालं ते जसंच्या तसं सांगते.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, गेल्या वर्षी जूनमध्ये अकरावीसाठी आमच्याकडे भाईंदरला आला. भाऊ गुहागरकडे राहतो. आमचं घर भाईंदर पूर्वेला, वन बीएचके. हॉलच्या कोपऱ्यात माझ्या शिलाई मशीनला लागून एक घडीचं टेबल उघडलं आणि त्यावर त्याचा कॉम्प्युटर मांडला. कॉम्प्युटर सेकंडहँड. दहावीच्या सुट्टीत आंब्याच्या पेट्या भरायला जाऊन त्याने पैसे जमवले, उरलेले वडिलांनी घातले, "कॉलेजला लागेल" म्हणून. दहावीला गणितात त्याला 41 गुण होते. भावाने फोनवर मला बजावलं, "ताई, गेमचं वेड तेवढं काढ त्याचं. तू शिक्षिका आहेस, तुझं ऐकेल."

तो खेळतो तो गेम म्हणजे व्हॅलोरंट. 2020 साली आलेला, पाच विरुद्ध पाच, बंदुकांचा. मला बंदुकांचा खेळ आवडत नाही, आजही आवडत नाही. पण घरात नियम ठरवला, अभ्यास झाल्यावर रात्री एक तास आणि रविवारी दोन. तो नियम त्याने पाळला, हे मला मान्य करायला हवं.

गणपती झाल्यावर एक दिवस तो म्हणाला, "आत्या, मला एक माउसपॅड घ्यायचंय. सातशे-आठशेपर्यंत येईल."

"रबराच्या तुकड्याला आठशे रुपये?" मी म्हटलं. विषय तिथेच संपला.

तोपर्यंत तो काय वापरत होता माहीत आहे? कालनिर्णयचं फाडलेलं पान, उलटं करून, चिकटपट्टीने टेबलाला चिकटवलेलं. आमच्या टेबलाला पांढरं चकचकीत सनमायका आहे आणि त्यावर माउस नीट चालतच नाही. का चालत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला आठवत होता तो माझ्या डीएडच्या काळातला, एमएस-सीआयटीच्या क्लासमधला माउस. त्याच्या पोटात रबरी गोळा असायचा. तो फिरला की आतल्या दोन रुळांना धक्का मिळायचा आणि पडद्यावरचा बाण हलायचा. गोळ्याला धूळ चिकटली की बाण अडकायचा, मग सर झाकण फिरवून गोळा काढायचे आणि नखाने रुळांवरची काळी घाण खरवडायचे. त्या माउसला पॅड लागायचं ते गोळ्याला पकड मिळावी म्हणून. आताच्या माउसमध्ये गोळा नाही, मग पॅड कशाला? माझा हिशेब इतका सरळ होता.

ऑक्टोबरमध्ये त्याचा वाढदिवस आला. मला वाटलं, मन मोडलं पोराचं, घेऊन टाकू. स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने एक पॅड दाखवलं, त्यावर आग ओकणारा ड्रॅगन, कडेने रंगीत दिवे. "मॅडम, हे गेमिंगचंच आहे, मुलं हेच नेतात." साडेचारशे रुपये दिले, रंगीत कागदात बांधून आणलं. भाच्याने उघडलं, "छान आहे आत्या" म्हणाला, पाया पडला.

चार दिवसांनी टेबलाचा खण उघडला तर ड्रॅगन आत, आणि वर पुन्हा कालनिर्णय.

मी बोलले. नको इतकं बोलले. "तुला कशाची किंमत नाही, तुझे बाबा म्हणतात ते खरंच आहे." तो काहीच बोलला नाही. तीन दिवस घरात मोजकं बोलणं. जेवायला बसायचा, ताट धुऊन ठेवायचा, पुस्तक उघडायचा. शाळेत पस्तीस पोरांचा रुसवा मी मधल्या सुट्टीत काढते, घरातल्या एकाचा मला काढता येईना.

रविवारी मी ब्लाउज बेतत होते, गळ्यात टेप. तो टेबलाशी बसला होता. मान न वळवता म्हणाला, "आत्या, टेप देतेस जरा?"

टेप घेऊन त्याने काय केलं ते पाहा. कीबोर्ड बाजूला केला, कालनिर्णयची दोन पानं शेजारी-शेजारी चिकटवली. गेममध्ये एक सरावाचं मैदान असतं, तिथे गेला. एका खांबाच्या कडेवर नेम धरला, माउस टेपच्या शून्यावर ठेवला आणि उजवीकडे सरळ सरकवत गेला. पडद्यावरचं जग गोल फिरत फिरत पुन्हा त्याच खांबापाशी आलं. टेपवर आकडा होता 41 सेंटिमीटर, एखादा मिलिमीटर कमीच.

"म्हणजे आत्या, माझा माणूस पूर्ण गोल फिरायला माझा हात एवढा सरकायला लागतो. आणि तू आणलेलं पॅड 22 सेंटिमीटर रुंद आहे."

मी त्याच्या शेजारी स्टूल ओढलं. पुढचं त्याने वहीत करून दाखवलं. त्याचा माउस 800 डीपीआयवर आहे, म्हणजे हात एक इंच सरकला की माउस 800 पावलं मोजतो. गेममध्ये वेगाचा आकडा 1 ठेवला तर प्रत्येक पावलाला माणूस 0.07 अंश वळतो. याने आकडा ठेवलाय 0.4. म्हणजे एका पावलाला 0.028 अंश. गुणिले 800, म्हणजे एका इंचाला 22.4 अंश. 360 भागिले 22.4, आले 16 इंचांच्या किंचित वर. गुणिले 2.54. उत्तर 40.8 सेंटिमीटर. टेपशी जुळलं.

मग तो म्हणाला, आता पॅड बघ. 22 सेंटिमीटरच्या पॅडवर सहा सेंटिमीटर रुंद माउस. मधोमध ठेवला तर एका बाजूला सरकायला जागा उरते आठ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटरमध्ये माणूस वळतो साधारण 70 अंश. काटकोनसुद्धा होत नाही! मागून कुणी आलं तर वळायला माउस उचला, मागे आणा, पुन्हा ठेवा, पुन्हा सरकवा. दुसरा उपाय म्हणजे वेगाचा आकडा वाढवायचा. आधी त्याने तेच केलं होतं. पण वेग वाढवला की सगळं काम मनगटावर येतं, बारीक नेम धरताना हात थरथरतो, आणि त्याचं मनगट दुखायला लागलं होतं. हे दुखणं त्याने आम्हाला सांगितलंही नव्हतं. वेग कमी ठेवला की कोपरापासून हात फिरतो आणि मनगटाला आराम मिळतो. पण त्याला जागा हवी.

पालकहो, गणितात 41 गुण मिळवलेला मुलगा माझ्यासमोर दशांश अपूर्णांकांचा गुणाकार, भागाकार आणि एककांचं रूपांतर न अडखळता करत होता, आणि मी पाचवीला कोन शिकवणारी बाई वहीत डोकं घालून पडताळत होते. मी त्याला सॉरी म्हटलं. पॅडबद्दल नाही, त्या बाबांच्या वाक्याबद्दल. तो "जाऊ दे गं" म्हणाला आणि टेप गुंडाळून परत दिली.

आता पॅडकडे वळू. तुमच्याही घरी हा हट्ट सुरू असेल तर उपयोग होईल.

सनमायकावर माउस का अडतो ते त्या दिवशी कळलं. आजच्या माउसच्या पोटात दिवा आणि इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोतली बारीक खूण पुढच्या फोटोत कुठे सरकली हे बघून ठरवतो की हात किती हलला. कापडाचे धागे, कागदाचे तंतू या त्याच्या खुणा. काच किंवा चकचकीत पांढरा पृष्ठभाग म्हणजे कोरी पाटी, ओळखायचं काय? गंमत म्हणजे 1980 च्या दशकात गोळ्याशिवायचे पहिले माउस आले, तेव्हा त्यांना खास रेघांची जाळी छापलेलं धातूचं पॅडच लागायचं, त्याशिवाय ते चालायचेच नाहीत. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्याचा माउस बाजारात आणला, तो बहुतेक टेबलांवर नुसताच चालायचा, आणि ऑफिसांतून पॅड हळूहळू गायब झालं. खेळणाऱ्यांनी मात्र ते सोडलं नाही.

त्यामुळे पहिली गोष्ट आकार. आणि आकार ठरतो मुलाच्या हाताच्या फिरण्यावरून आणि घरातल्या टेबलावरून. मुलाला वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण गोल फिरून मोजायला सांगा. जेवढे सेंटिमीटर येतील साधारण तेवढी रुंदी असली की मधून दोन्हीकडे अर्धा गोल फिरता येतो. मग टेबल मोजा. बाजारात 90 बाय 40 सेंटिमीटरचं लांबलचक पॅड मिळतं, त्यावर कीबोर्डही मावतो, फोटोत फार देखणं दिसतं. आमचं टेबल 75 सेंटिमीटर. पॅडच्या दोन्ही कडा लोंबकळल्या असत्या आणि एक माझ्या शिलाई मशीनवर. मीरा-भाईंदरमधल्या घरांत किती जणांकडे चार फुटी टेबल असेल? आमचं ठरलं 45 बाय 40. मॉनिटर भिंतीवरच्या फळीवर गेला, कीबोर्ड तिरका झाला, त्याचा एक कोपरा पॅडवर चढतो. मला ते आधी बेशिस्त वाटलं, पण हे मोठमोठे खेळाडूसुद्धा कीबोर्ड तसाच तिरका ठेवतात, जागेसाठीच.

दुसरी गोष्ट जाडी. दोन मिलिमीटरपासून चार-पाचपर्यंत मिळतात. सपाट टेबल असेल तर दोन-तीन पुरे. आमच्या टेबलाला घडीची फट आहे, बरोबर मधोमध. पातळ पॅडवर ती फट बोटांना लागते आणि माउस तिथे किंचित डुचमळतो. म्हणून आम्ही चारचं घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. खरं तर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरच्या सामानासाठी अख्खी मुंबई त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. भाईंदरहून धरलेली आमची फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबणारी नव्हती, मुंबई सेंट्रलला उतरून पुढची स्लो धरली. ऑनलाइन पन्नास-शंभर रुपये स्वस्त मिळालं असतं, हे मान्य. पण कापड हाताला लावल्याशिवाय मी साडी घेत नाही, हेही कापडच आहे ना?

आणि शिलाई येत असल्यामुळे या खरेदीत मी अचानक उपयोगाची ठरले! पॅडचे दोन स्वभाव असतात. गुळगुळीत, घट्ट विणीचं कापड म्हणजे वेगाचं, माउस सुळकन पळतो. थोडं खरखरीत म्हणजे ताब्याचं, माउस जिथे थांबवाल तिथे थांबतो. ज्याला एका जागी बारीक नेम धरायचाय, त्याला नवशिका असताना ताब्याचं बरं पडतं. दुकानदाराने तीन-चार पॅड काउंटरवर पसरली. भाच्याने पिशवीतून स्वतःचा माउस काढला (हे करायला विसरू नका, दुकानातला माउस वेगळा, तुमचा वेगळा) आणि आधी आडवा, मग उभा सरकवून पाहिला. कापडाला ताणा-बाणा असतो, त्यामुळे काही पॅडवर आडवा हात हलका जातो आणि उभा जड. एक पॅड आम्ही त्यामुळेच बाद केलं, तेही सगळ्यांत महाग.

कडेची शिलाई मी पाहिली. नुसती कापलेली कड काही महिन्यांत सुटते, धागे निघतात, म्हणून शिवलेली घ्यावी. पण शिलाई कापडाच्या पातळीत किंवा खाली हवी. जाड गोठासारखी वर आलेली असेल तर हाताला रोज घासते. उलटं करून रबर पाहा, तळहाताने ढकला, काउंटरवरून घसरलं तर घरच्या सनमायकावर नक्की घसरणार. गुंडाळलेलं पॅड उघडून दोन मिनिटं ठेवा, कोपरे वर राहतात का बघा. बाकी त्याला दिवे आहेत की नाहीत, याचा नेमाशी काही संबंध नाही. मनगटाखाली जेलची उशी असलेली पॅडही दाखवतात. ऑफिसात टाइप करणाऱ्याला ठीक असतील, पण ज्याचा हात कोपरापासून फिरायला हवा त्याचं मनगट ती उशी एका जागी खिळवून ठेवते.

काचेची आणि कडक प्लास्टिकचीही पॅड असतात. दमट हवेत ती कापडासारखी जड होत नाहीत. पण माउसच्या तळाला टेफ्लॉनच्या चकत्या असतात, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, आणि कडक पॅडवर त्या लवकर झिजतात. शिवाय रात्री अकरा वाजता ते खरखर आवाज करतं, आणि वन बीएचकेमध्ये हा मुद्दा लहान नाही.

शेवटी काळं, साधं, एकही चित्र नसलेलं पॅड घेतलं. साडेसहाशे रुपये. दुकानदाराने पावती करताना मला विचारलं, "मॅडम, आप भी खेलते हो?"

मनगटाचं दुखणं पॅडमुळे लगेच पळालं असं मी म्हणणार नाही. आम्ही खुर्चीची उंचीही बदलली, खाली जुनी उशी घातली, कोपर टेबलाच्या पातळीत आणलं, आणि त्याने पंधरा दिवस खेळच बंद ठेवला. नंतर कमी वेगावर हात बसायला महिना गेला. पहिला आठवडा तो सतत हरत होता आणि माझ्याकडे रागाने बघत होता, जणू काही मीच वेग ठरवला!

भावाला सांगायचं बाकी होतं. फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "पैसे लावतो का तो?" प्रश्न योग्य होता. प्रत्येक पालकाने सर्वांत आधी हेच विचारावं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकंही होती. हे सगळं सांगितलं. भाऊ गप्प. मग मी वहीतला हिशेब वाचून दाखवला, 0.07 पासून 40.8 पर्यंत. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "हे त्याने केलं?" मी हो म्हटलं. "तुझ्या मदतीशिवाय?" मी म्हटलं, "मलाच त्याची मदत लागली." यावर तो "बरं" म्हणाला आणि पावसाचं विचारू लागला. भाच्याचे अकरावीचे गुण काही आकाशाला भिडले नाहीत, गणितात 58 आले. ते या पॅडमुळे आले असा दावा करणारी बाई मी नाही.

वर्गात मात्र मी याचा उपयोग केला. पाचवीला 'कोन' शिकवताना फरशीवर खडूने 41 सेंटिमीटरची रेघ काढली आणि म्हटलं, हा हात एवढा सरकला की एक मुलगा स्वतःभोवती पूर्ण गोल फिरतो. एकाने डस्टर सरकवायचा, दुसऱ्याने मधे उभं राहून फिरायचं. काटकोनाला डस्टर कुठे थांबेल? सरळकोनाला कुठे? मुलांनी रेघेची घडी घालायची म्हणून सुतळी मागितली, दुमडली, पुन्हा दुमडली. मागच्या बाकावरचा एकजण, जो एरवी फळ्याकडे बघतही नाही, ओरडला, "बाई, पाव रेघ म्हणजे 90!" मग त्याने मोबाइलवरच्या गेममध्ये बोट किती सरकवावं लागतं ते सांगायला सुरुवात केली आणि तास हातातून गेला. तुम्ही करून पाहिलंत तर 40 सेंटिमीटरची रेघ घ्या, भागाकार सोपा जातो. मी 41 घेऊन फसले.

आता पाऊस सुरू झालाय. खाडीची दमट हवा आणि हाताचा घाम यामुळे कापडाचं पॅड जड होतं, माउस ओढल्यासारखा चालतो. म्हणून गेल्या रविवारी ते धुतलं. कोमट पाणी, थोडा शाम्पू, मऊ ब्रश, आणि पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. उन्हात टाकायचं नाही, इस्त्री तर अजिबात नाही, रबर सुटतं. दिव्यांचं पॅड असेल तर पाण्यात बुडवायचंच नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मधोमध, जिथे हात सारखा फिरतो, तिथे एक गुळगुळीत चकाकणारा ठिपका दिसू लागलाय. तो धुऊन जात नाही. कापड झिजतं, त्याला इलाज नाही, वर्ष-दीड वर्षाने नवं घ्यावं लागेल असं भाचा आतापासूनच सुचवतोय.

पॅड गॅलरीत पंख्याखाली दोन दिवस वाळत होतं, तेवढे दोन दिवस टेबलावर पुन्हा कालनिर्णय होतं. जून महिन्याचं पान, मी आधीच फाडून ठेवलं होतं. आणि तो ड्रॅगन शाळेच्या ऑफिसात आहे. आमच्या क्लार्क मॅडमना दिवे फार आवडले. त्यांना पूर्ण गोल फिरायचं नसतं, 22 सेंटिमीटर पुरतात.